धांड्यातील काळी भुकटी : अनोळखी बुरशीची ओळख कशी पटवावी?

रब्बी ज्वारीच्या कणसात दाणा भरू लागतो आणि ऐन वेळी काही ताटे अकाली वाळून वाऱ्यासरशी आडवी होतात. सोलापूर-मंगळवेढा भागातील शेतकरी बांधवांना हे दृश्य नवे नाही. काही वर्षांपूर्वी गावी आमच्या थोरल्या बंधूंच्या शेतात असेच झाले. कोणी म्हणाले, नजर लागली. कोणी म्हणाले, कीड पडली. दुकानदाराच्या सांगण्यावरून औषध आणून फवारले. पैसे गेले आणि पीकही गेले. वाळलेले चार धांडे पिशवीत घालून आम्ही शहरात आणले व वनस्पतिशास्त्राच्या एका परिचित प्राध्यापकांना दाखविले. आम्ही कला शाखेचे पदवीधर, व्यवसायाने बँकेतील कारकून. तरीही जे समजले ते वाचकांसमोर ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

प्राध्यापकांनी पहिलाच इशारा दिला तो असा : मेलेल्या खोडावर बुरशी दिसली म्हणजे तिनेच झाड मारले, असे समजू नये. प्रेतावर बसणाऱ्या माशा काही खुनी नसतात. वाळलेल्या धांड्यावर ओलाव्याने अनेक बुरशा मागाहून वाढतात. म्हणून तपासणीसाठी पूर्ण वाळलेले ताट न घेता अर्धवट रोगट ताट घ्यावे आणि निरोगी व रोगट भागाच्या सीमेवरचा तुकडा तपासावा.

मग त्यांनी धांडा ब्लेडने उभा चिरला. जमिनीलगतच्या कांड्यांतील गर नाहीसा झाला होता. नुसते धागे उरले होते व त्यांवर कोळसा कुटून भुरभुरावा तशी काळी भुकटी होती. बाहेरच्या सालीवरचे काळे डाग बोटाने पुसले जात होते. ती निराळी, निरुपद्रवी बुरशी. आतले कण मात्र धाग्यांना चिकटून होते.

सूक्ष्मदर्शकाखाली हे कण गोलसर, घट्ट गोळ्यांसारखे दिसले. बुरशी आपलेच तंतू एकमेकांत गुंफून या गोळ्या तयार करते. एकेक गोळी साधारण 0.05 ते 0.15 मिलिमीटरची असते आणि ती जमिनीत अनेक वर्षे जिवंत राहू शकते. कणांभोवती काळे राठ केस व कोयत्यासारखे वाकडे बीजाणू असते, तर रोग कोलेटोट्रायकम बुरशीचा ठरला असता. होडीच्या आकाराचे, आडवे पडदे असलेले बीजाणू फ्युजेरियमचे. यांपैकी काहीच नव्हते.

तरीही शहानिशा हवीच. तुकडा वरून निर्जंतुक करून बटाट्याच्या काढ्यापासून केलेल्या अगारवर ठेवला. काही दिवसांत करडी, मग काळी वाढ झाली. तंतूंच्या फांद्या जवळजवळ काटकोनात फुटलेल्या व फुटव्यापाशी किंचित आवळलेल्या होत्या. आता ओळख पटली. ही मॅक्रोफोमिना फॅसिओलिना, म्हणजे आपल्या शेतकऱ्यांचा खडखड्या रोग.

या बुरशीने शास्त्रज्ञांनाही चकविले होते. 1901 साली इटलीत तास्सी यांनी घेवड्याच्या कुळातील वनस्पतीवर तिची बीजाणू देणारी अवस्था पाहून एक नाव दिले. 1913 साली अमेरिकेत टॉबेनहाउस यांनी रताळ्यावर तिच्या काळ्या गोळ्या पाहून दुसरेच नाव दिले. 1927 साली अ‍ॅशबी यांनी या दोन अवस्था एकाच बुरशीच्या असल्याचे मांडले, आणि सध्याचे नाव 1947 साली गोइडानिच यांनी रूढ केले. आता डीएनए तपासूनही ओळख पक्की करता येते. 2012 साली बांगलादेशात मक्सुदुल आलम व सहकाऱ्यांनी या बुरशीचा संपूर्ण जनुकीय आराखडा उलगडला, कारण तेथील तागाचेही ती मोठे नुकसान करते. एकूण 500 हून अधिक वनस्पतींवर ती आढळते.

आता कोणी विचारील, नाव कळून काय उपयोग? उपयोग हाच की उपाय नावावर ठरतो. ही बुरशी जमिनीतून मुळांत शिरते आणि दाणे भरताना पाण्याचा ताण व उष्णता वाढली की बळावते. ताट पडू लागल्यावर वरून फवारणी करणे व्यर्थ. त्याऐवजी जमिनीतील ओल टिकवावी, पेरणी दाट करू नये, नत्र खत बेताने द्यावे, शक्य तर फुलोऱ्यात व दाणे भरताना संरक्षित पाणी द्यावे, आणि पेरणीपूर्वी बियाण्यास ट्रायकोडर्मा चोळावे. बंधूंनी पुढील हंगामात फवारणीचे पैसे वाचवून पालापाचोळ्याचे आच्छादन केले व पेरणी विरळ केली. रोग समूळ गेला नाही, परंतु पडणारी ताटे पुष्कळ कमी झाली.

बँकेत धनादेशावरील सही आम्ही नुसती पाहून मंजूर करीत नाही. नमुना सहीशी ताडून पाहतो. शेतातील संकटालाही हाच नियम लावावा. नजर, दैव किंवा दुकानदार यांच्या सांगण्यावर पैसा घालविण्याआधी धांडा चिरून पाहावा, आणि शंका राहिल्यास तो जवळच्या कृषी विद्यापीठात किंवा कृषी विज्ञान केंद्रात न्यावा. आपल्यापैकी ज्यांची गावाकडे थोडीफार शेती आहे, त्यांनी एवढे जरी केले, तरी या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.