चिंध्यांपासून चित्रापर्यंत

कांदिवलीहून शिंपोली रस्त्याने बोरिवलीकडे निघालं की कोरा केंद्र लागतं. बहुतेकांना ते नवरात्रातल्या गरब्यामुळे ठाऊक असतं. पण खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची ग्रामोद्योग शिकवणारी संस्थाही याच परिसरात आहे, आणि १९५७ साली स्थापन झालेल्या त्या आयोगाचं मुख्यालय विलेपार्ल्यात. हाताने कागद बनवणं हाही असाच एक ग्रामोद्योग. याच उपनगरातली कितीतरी मुलं चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षा देतात. रंग, ब्रश पारखून घेतात. ज्यावर चित्र उमटतं तो कागद कसा बनतो, हे मात्र त्यांना कुणी दाखवत नाही. मला ही कलाशिक्षणातली मोठी उणीव वाटते.

कागद बनताना बघायला पुण्याला जावं. शिवाजीनगरची हातकागद संस्था १९४० सालची. गांधीजींच्या प्रेरणेने १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस झाले, आणि मोडकळीला आलेल्या हातकागदाला पुन्हा हात मिळाले. पुण्यात हे काम के. बी. जोशी यांनी उभं केलं. मुळात ही कला महाराष्ट्राला नवी नव्हतीच. जुन्नर आणि दौलताबादजवळचा कागजीपुरा ही कागद्यांची जुनी गावं. पेशवाईतला पत्रव्यवहार जुन्नरी, दौलताबादी कागदावर चाले.

कच्चा माल म्हणजे सुती कापडाच्या कातरणी. पॉलिएस्टर मिसळलेलं असलं की त्याचा लगदा होत नाही, म्हणून निवड डोळ्यांत तेल घालून करावी लागते. बारीक केलेल्या चिंध्या हॉलंडर यंत्रात पाण्याबरोबर तासन् तास कुटल्या जातात. कुटाई किती झाली, यावर कागदाचा पोत ठरतो. मग कारागीर जाळीची चौकट पातळ लगद्यात बुडवून आडवी वर काढतो आणि पाणी निथळत असतानाच हलके हलवतो, की तंतू एकमेकांत गुंततात. विद्यार्थ्यांनी इथेच थांबून बघावं. चौकट जराशी कलली तरी एका बाजूला कागद जाड होतो. ओला ताव कापडावर उलटायचा, थर रचून दाबाखाली पाणी काढायचं, वाळवायचं. खळ दिली नाही तर तो टिपकागदासारखा रंग पिऊन टाकतो. जलरंगाचा ओघळ कुठे थांबणार, हे ती खळच ठरवते.

लाकडाच्या स्वस्त लगद्यात लिग्निन राहतं, त्यामुळे वर्तमानपत्र लवकर पिवळं पडतं. कापसात ते जवळपास नसतंच. पण खळीत तुरटी असेल तर आम्लता येते, म्हणून ती आहे का, हे दुकानात विचारून घ्यावं.

कलाशिक्षकांनी वर्षाकाठी एक सहल तरी पुण्याच्या या संस्थेत न्यावी आणि परवानगी मिळाल्यास प्रत्येक मुलाच्या हातात एकदा ती चौकट द्यावी.