दोन घड्याळे, एक करार

जुना घरगुती संगणक टेलिफोनच्या तारेला जोडला आणि पडद्यावर अक्षरांऐवजी नुसता कचरा उमटला, की माणूस यंत्राला दोष देऊन मोकळा होतो. आमचे आयुष्य मालक-कामगारांचे करार घडवण्यात गेले. आम्ही आधी करार तपासतो.

१९८२ साली अमेरिकेत निघालेला कमोडोर ६४ घ्या. संगणकाची चिन्हे स्वरांत बदलून तारेवर घालणारे उपकरण म्हणजे मोडेम. त्या काळचा साधा मोडेम सेकंदाला ३०० बिट, म्हणजे ३०० 'होय-नाही', पाठवी. अक्षराचे आठ बिट, त्यांच्या पुढे आरंभाचा एक, मागे अखेरचा एक. असे दहा झाले. म्हणजे सेकंदाला तीसच अक्षरे. दीड हजार अक्षरांचे पान यायला पन्नास सेकंद!

ते दोन जादा बिट कशाला? दोन्ही टोकांची घड्याळे वेगवेगळी असतात. आरंभाचा बिट हा गिरणीचा भोंगा समजा. तो होताच घेणारे यंत्र आपल्या घड्याळाने मोजू लागते व प्रत्येक बिट त्याच्या मध्यावर वाचते. पुढल्या अक्षराला पुन्हा भोंगा. त्यामुळे घड्याळे किंचित मागेपुढे असली तरी दहा बिटांपुरते निभावते. पण एकाने ३०० च्या वेगाने बोलावे आणि दुसऱ्याने १२०० च्या वेगाने ऐकावे, तर अर्थ कसा लागणार? म्हणून वेग, अक्षराचे बिट, पडताळ्याचा बिट (तो ठेवायचा की नाही) आणि अखेरचे बिट या चार कलमांवर दोन्ही टोकांचे आधी एकमत हवे.

'बॉड' या शब्दाने आम्हीही फसलो होतो. बॉड म्हणजे तारेवर सेकंदाला होणारे बदल. बेल २१२ए पद्धतीचा मोडेम १२०० बिट नेई, पण बदल ६०० च करी; प्रत्येक बदलात दोन बिट. खेपा निराळ्या, माल निराळा! हे नाव फ्रान्सच्या तारखात्यातील एमिल बोदो यांच्यावरून पडले. त्यांचे शालेय शिक्षण गावच्या प्राथमिक शाळेपुरतेच. आम्हां अर्धशिक्षितांना याचा धीर वाटतो.

एक सावधगिरी मात्र बाळगा. कमोडोरचे हे द्वार ५ व्होल्टांचे आहे, तर आरएस-२३२ जातीच्या मोडेमची तार अधिक-उणे १२ व्होल्टांपर्यंत जाते. मध्ये जुळवणारे उपकरण न घालता जोडाल, तर संगणक जळू शकतो.

असे यंत्र माळ्यावर असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी ३०० चा वेग लावून ही चार कलमे दोन्ही टोकांना ताडून पाहा. वेग नंतर वाढवता येतो.