मधुचंद्राच्या गावी एकटा

विवाह झाला की चार-आठ दिवसांत महाबळेश्वरला जाऊन यायचे, हा आपल्याकडील मध्यमवर्गाचा शिरस्ता इतका अंगवळणी पडला आहे की, त्या गावाचे नाव निघताच ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे वेण्णा तलावातील दोघांची नाव आणि हिरवा चुडा भरलेली, घोड्यावर भीत भीत बसलेली नवी नवरी हीच चित्रे उभी राहतात; आणि एखाद्या सडाफटिंग माणसाने आपण तेथे मुक्कामाला निघालो असल्याचे सांगितले, तर ‘‘एकटाच?’’ या एका प्रश्नात कुतूहल, करुणा आणि किंचित संशय ही तिन्ही एकवटतात. अविवाहितांनी, विधुरांनी, विधवांनी किंवा संसार मोडून वेगळे झालेल्यांनी अशा स्थळी पाऊल टाकू नये, असा हुकूम कोणत्याही सरकार-दरबारातून निघालेला नाही. पाळला मात्र तो इमानेइतबारे जातो.

वास्तविक या गावाचे जुने दप्तर उघडून पाहावे, तर मधुचंद्राचा प्रवेश तेथे फार उशिरा झालेला आढळतो. 1824 मध्ये साताऱ्यास असलेला लॉडविक नावाचा इंग्रज सेनाधिकारी रान तुडवीत हा डोंगर चढून आला. त्याच्या मागून साताऱ्याचा रेसिडेंट ब्रिग्ज याने येथे बंगली बांधली. आणि 1828 मध्ये मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी आजारी गोऱ्या शिपायांना हवापालटासाठी या उंचीवर आणून ठेवण्याचा प्रयोग आरंभिला. तो मानवला, तेव्हा पुढल्याच वर्षी छत्रपती प्रतापसिंह महाराजांशी करार होऊन वाईकडील खंडाळा गावाच्या मोबदल्यात ही जागा कंपनी सरकारकडे गेली आणि माल्कमपेठ वसली. म्हणजे ज्या हवेला आज आपण प्रणयाची हवा म्हणतो, ती प्रथम कोणाच्या कामी आली असेल, तर घरदार सातासमुद्रापलीकडे टाकून आलेल्या, तापाने खंगलेल्या एकट्या पुरुषांच्या. त्यांच्याहूनही एकाकी होते ते मलायाकडील इंग्रजी वसाहतींतून शिक्षा होऊन आलेले चिनी कैदी. 1864 पर्यंत त्यांचा तुरुंग येथे होता, आणि बटाटा व विलायती भाजीपाला यांची लागवड त्यांच्या हातून झाली. त्यांच्या मळ्यांजवळच्या धबधब्याला चिनी माणसाचेच नाव पडले. त्या माणसांची नावे मात्र कोणाला ठाऊक नाहीत.

आणि आर्थर्स सीट! सावित्रीच्या खोऱ्यात सरळ तुटलेल्या त्या कड्यावर नवी जोडपी रांगेने उभी राहून छायाचित्रे काढवून घेतात; परंतु ज्या आर्थर मॅलेटवरून ते नाव पडले असे सांगतात, तो म्हणे पत्नी आणि अपत्य सावित्रीच्या पाण्यात बुडाल्यानंतर तासन् तास येथे बसून त्याच नदीकडे पाहत असे. आख्यायिकेची शहानिशा करण्याचे हे स्थळ नव्हे. तरी महाबळेश्वरातील सर्वांत प्रसिद्ध बैठक लोकस्मृतीने एका एकट्या माणसाच्या नावे लावून दिली आहे, ही नोंद एकट्या प्रवाशाने आपल्या हक्काचा दाखला म्हणून खुशाल खिशात ठेवावी. त्या कड्याखालून वर चढणारा वारा असा विलक्षण आहे की, खाली टाकलेली हलकी वस्तू पुष्कळदा उलट वर येते, आणि हा खेळ एकट्याला कंटाळा येईपर्यंत पाहत बसण्याची मुभा असते. जोडीने आलेल्याला टॅक्सीवाला आणि अर्धांगी या दोघांचीही घाई सांभाळावी लागते.

क्षेत्र महाबळेश्वराकडेही सवडीनेच जावे. पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री यांचे उगम हातभर अंतराने मानलेले आहेत. त्यांतील कृष्णा सारे दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळते, तर सावित्री कडा उतरून बाणकोटला पश्चिम समुद्र गाठते. एका छपराखालून निघून दोन समुद्रांना जाणाऱ्या या बहिणींचा विचार करायला जरा निवांतपणा लागतो. जवळच कृष्णाबाईचे जुने दगडी देऊळ आहे. तेथे गर्दी नसते. पहाटे विल्सन पॉइंटचा सूर्योदय पाहावा. तोही एकट्याला सोयीचा, कारण थंडीत दुसऱ्या कोणाला उठवावे लागत नाही.

अडचणी नाहीत असे नव्हे. खोलीचे भाडे दोघांच्या हिशेबाने आकारले जाते आणि एकट्याला त्यात सूट क्वचितच मिळते. तेव्हा शनिवार-रविवार, नाताळ आणि फेब्रुवारीचा मध्य टाळून, स्ट्रॉबेरीचा हंगाम चालू असतानाच आडवारी जावे आणि दर निःसंकोच पाडून मागावा. टॅक्सीचे भाडे गाडीमागे असते, माणसामागे नव्हे, म्हणून एस.टी.ची दर्शन-फेरी एकट्याला सर्वांत परवडते, आणि तीत सहकुटुंब आलेल्या आजीबाईंकडून दशमी मिळण्याचा संभवही असतो. खरी कसोटी लागते ती सूर्यास्तानंतर. बाजारपेठेत दिवे लागले, चणे-फुटाण्यांच्या आणि चपलांच्या दुकानांपुढून हातात हात घालून माणसे फिरू लागली, की धीराचा माणूसही क्षणभर खिन्न होतो. ती खिन्नता खोटी ठरवण्याचे कारण नाही. लवकर जेवावे, पुस्तक उघडावे आणि पहाटेसाठी निजावे.

एकट्या स्त्रीचा जाबसाल मात्र याहून कठीण असतो. नोंदवहीत नाव लिहिताना ‘‘बरोबर कोण?’’ असा प्रश्न पुरुषाला सहज गंमतीने, तर तिला पोलिसी सुरात विचारला जातो, आणि रिकाम्या असलेल्या खोल्या एकाएकी भरल्याचे सांगण्यात येते. यावर तिने निघण्यापूर्वीच खोलीची लेखी पावती घ्यावी, उजेडी पोहोचावे आणि शक्य तो बाजारपेठेलगत उतरावे, एवढेच आजमितीस सांगता येते. बाकीचा बंदोबस्त तिने नव्हे, हॉटेलवाल्यांनी आपल्या वर्तनात करावयाचा आहे, आणि स्त्रिया स्वतःच्या कमाईवर हिंडू लागलेल्या या काळात तो त्यांनी अजून केलेला नाही, यात मला त्यांच्या नीतीपेक्षा व्यवहारबुद्धीचीच उणीव अधिक दिसते.