गिऱ्हाईकाला म्हणे स्वस्तच हवं असतं!

छोटा धंदा सुरू करू पाहणाऱ्या कुणाशीही बोलायला बसलं, की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "आपल्याकडं लोकांना फक्त स्वस्त पाहिजे." बचत गटाच्या प्रदर्शनात लोणची मांडून बसलेल्या ताई हेच म्हणतात. एमबीए करून घरचं दुकान सांभाळायला आलेला मुलगाही हेच म्हणतो, फक्त तो 'प्राइस सेन्सिटिव्ह मार्केट' म्हणतो. मग शेजारच्यापेक्षा दोन रुपये कमी लावायचे, पाटीवर 'सर्वांत स्वस्त' रंगवायचं आणि वर्षभरात शटर ओढायचं. शटर ओढतानाही निष्कर्ष तोच: लोकांना आणखी स्वस्त हवं होतं!

आधी साधा हिशेब करू. पोळी-भाजी केंद्र घ्या. समजा, पोळी १२ रुपयांना विकता. कणीक, तेल, गॅस, जागेचं भाडं आणि लाटणाऱ्या बाईंची नगावर मजुरी धरून ती ९ रुपयांना पडते. दिवसाला २०० पोळ्या गेल्या तर ६०० रुपये सुटतात. आता स्पर्धेला घाबरून भाव १० केला. पोळीमागं उरला एक रुपया. तेच ६०० रुपये मिळवायला ६०० पोळ्या विकायला हव्यात, म्हणजे तिप्पट. तवे तेवढेच, हात तेवढेच आणि गल्लीतली माणसंही तेवढीच. भाव उतरला म्हणून कुणी दोनाऐवजी सहा पोळ्या खात नाही. शिवाय समोरचा केंद्रवालाही पुढच्या सोमवारी १० ची पाटी लावतोच. हे गणित शाळकरी पोराला येतं, पण भाव ठरवताना भल्याभल्यांना आठवत नाही.

यावर ठरलेला सवाल येतो, "मग निरमा कशी चालली?" चालली, आणि जोरात चालली. करसनभाई पटेलांनी १९६९ मध्ये अहमदाबादेत सुरू केलेली ही पावडर सर्फच्या साधारण पाव किमतीत मिळायची. पण ती स्वस्त विकली जात होती, कारण मुळात ती स्वस्तात तयार होत होती. घटक साधे, मिसळणं हातानं, सुरुवातीची विक्री सायकलवरून, वर मोठ्या कारखान्याचा खर्च आणि कर नाहीत. आणि ती घेणारे बहुतेकजण सर्फ सोडून आलेले नव्हते. ते आजवर साबणाच्या वडीनं कपडे घासत होते. त्यांना पावडरीची सोय हवी होती आणि ती परवडेल अशी कुणी करतच नव्हतं. डीमार्टचंही असंच. तिथला कमी भाव हा मालकाच्या मनाचा मोठेपणा नसतो. प्रचंड खरेदी, पुरवठादाराला लवकर पैसे देऊन पाडून घेतलेला दर आणि बऱ्याच ठिकाणी स्वतःच्या मालकीची जागा यांतून तो निघतो. भाड्याच्या गाळ्यात दहा तेलाचे डबे ठेवणाऱ्या वाण्यानं त्यांच्याशी भावात झुंजणं म्हणजे हौसेनं दिवाळं काढणं.

निरमाचा मार बसल्यावर सर्फनं काय केलं, हे मात्र आपण सोयीस्कर विसरतो. किंमत उतरवून निरमाच्या बरोबरीला जायच्या फंदात ते पडले नाहीत. त्यांनी टीव्हीवर ललिताजी आणल्या. भाजी घासाघीस करून घेणारी, पै-पैचा हिशेब ठेवणारी ही बाई स्वस्त वस्तू आणि चांगली खरेदी यांतला फरक प्रेक्षकांना ठणकावून सांगायची. ती जाहिरात लोकांना भिडली, कारण घरोघरच्या बायका आधीपासून हाच हिशेब करत होत्या.

"हे सगळं मध्यमवर्गाचं झालं, गरिबाला तरी स्वस्तच लागतं ना?" इथं एक पुरावाच देतो. सी. के. प्रह्लाद आणि ॲलन हॅमंड यांनी २००२ मध्ये 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'त मुंबईतल्या दोन वस्त्यांमधले भाव शेजारी-शेजारी मांडले होते: धारावीची झोपडपट्टी आणि श्रीमंतांचा वॉर्डन रोड. तांदळाला धारावीकर १.२ पट मोजत होते, जुलाबावरच्या औषधाला १० पट आणि पाण्याला ३७ पट. हे मी कौतुकानं सांगत नाही. यात नाइलाज मोठा आहे आणि लूटही. पण 'गरीब माणूस फक्त भाव बघतो' हे म्हणणं या आकड्यांपुढं टिकत नाही. रोजंदारीवरची बाई संध्याकाळी पाच रुपयांची चहाची पुडी घेते, तेव्हा किलोमागं तिला चहा महाग पडतो हे तिला दुकानदाराइतकंच कळतं. तिला आजच्या पैशांत, घराच्या वाटेवर, आत्ता चहा हवा असतो. किलोचा पुडा कितीही स्वस्त लावा, तो तिच्या कामाचा नाही.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण टाटांच्या नॅनो गाडीचं. स्कूटरवर अख्खं कुटुंब बसवून नेणाऱ्या माणसाची गरज खरी होती, ती ओळखणारी नजरही खरी होती. २००९ मध्ये गाडी बाजारात आली. साणंदच्या कारखान्याची क्षमता वर्षाला अडीच लाख गाड्यांची. सर्वांत चांगल्या वर्षातही विक्री पाऊण लाखाच्या आतच राहिली. सिंगूरच्या जमिनीच्या वादामुळं झालेला उशीर, आगीच्या काही घटना ही कारणं होतीच. पण 'सर्वांत स्वस्त गाडी' हा शिक्का बसला आणि तो बसण्यात कंपनीचाही हात होता, हे खुद्द रतन टाटांनी नंतर बोलून दाखवलं. आपल्याकडं गाडी घेतली की तिला हार घालतात, शेजारीपाजारी पेढे वाटतात. 'सर्वांत स्वस्त ती घेतली' असं सांगत पेढे कोण वाटणार?

आता परत पोळी-भाजी केंद्रात या आणि तासभर नुसते काउंटरपाशी उभे राहा. वसतिगृहातला मुलगा खरोखरच भाव विचारतो. तसं गिऱ्हाईक असतंच, पण ते पुढच्या गल्लीत रुपया कमी दिसला की तिकडं वळतं. सत्तरीच्या काकूंना दोघांपुरती एक वाटी भाजी हवी असते, बिनतिखटाची, आणि पोळी अशी की कवळीला त्रास होऊ नये. त्यांना पाव किलोचाच डबा पुढं केला जातो. कंपनीतून सुटलेलं जोडपं साडेआठला पोचतं आणि केंद्र आठला बंद झालेलं असतं! काकूंच्या एका वाटीला थोडा जास्त दर लावला तरी त्या कुरकुर करणार नाहीत. साडेआठच्या जोडप्याला १२ आणि १० मधला फरक दिसतही नाही. मालक मात्र गल्ल्यावर बसून समोरच्याचा भाव किती, याचीच चौकशी करत असतो.

गरज ओळखायला सर्वेक्षणाची एजन्सी लागत नाही. गल्ल्यापाशी एक वही ठेवा आणि ज्याला 'नाही' म्हणून परत पाठवलं, त्यानं काय मागितलं होतं ते लिहा. अर्धी भाजी, बिनतेलाची पोळी, रविवार संध्याकाळ, पार्सल, महिन्याचं खातं. महिन्याभरात त्या वहीतली जी ओळ पुन्हा पुन्हा येते, तिच्यावर आधी काम करा. ते करताना कुणाला तरी नाही म्हणावं लागेल. वसतिगृहातली पोरं आणि सत्तरीच्या काकू एकाच भाजीवर खूश होत नाहीत. आपल्या दुकानदारांना हे सर्वांत जड जातं.

उरलेले गैरसमज झटपट उरकतो.

'माल चांगला असला की आपोआप खपतो.' किर्लोस्करांचा लोखंडी नांगर वाईट होता का? लोखंडानं जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिला नांगर विकायला लक्ष्मणरावांना दोन वर्षं लागल्याचं सांगतात.

'लोगो, रंग आणि इन्स्टाग्राम झालं की पोझिशनिंग झालं.' पाटी रंगवून झाली, एवढंच.

'लोकांना विचारून काय उपयोग, त्यांनी हेन्री फोर्डकडं जास्त वेगवान घोडेच मागितले असते.' फोर्ड असं म्हणाल्याचा पुरावा कुणालाही मिळालेला नाही. उलट लोक बंद टपाच्या, रंगीत, हप्त्यावर मिळणाऱ्या गाड्यांकडं वळत असताना फोर्ड आपल्या मॉडेल टीची किंमत उतरवत बसले. १९२७ मध्ये ती गाडी बंद करावी लागली, तीही स्वस्त असताना.

'ग्राहक हा आपल्याकडं येणारा सर्वांत महत्त्वाचा पाहुणा, असं गांधीजी म्हणाले होते.' बँकांपासून किराणा दुकानांपर्यंत फ्रेम करून लावलेला तो मजकूर गांधीजींच्या लिखाणात सापडत नाही. शोधणाऱ्यांना तो १९४१ मध्ये स्टुडबेकर या अमेरिकी मोटार कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याच्या नावावर सापडला. आणि ग्राहक राजा म्हणाल, तर पुण्याच्या राजानं बाकरवडीसाठी दुपारी एक ते चार बंद असलेलं चितळ्यांचं दुकान उघडायची निमूट वाट पाहिलेली आहे. चितळ्यांनी २०१७ मध्ये ती वेळ बदलली, तेव्हा त्याची वर्तमानपत्रांत बातमी झाली.