बोट लागलं की आपलं

माझी भाची नालासोपाऱ्याहून अंधेरीच्या कॉलेजात जाते. सकाळच्या लोकलमध्ये उभं राहण्यापुरती जागा मिळाली, की तिचा मोकळा हात मोबाइलकडे जातो. परवा पडद्यावर एक हुडी होती. तिने अंगठ्याने काळ्याची मरून केली, दोन बोटांनी पाठीवरचं चित्र मोठं करून पाहिलं, मग पुन्हा काळी केली. बोरिवली येईपर्यंत हुडी कार्टमध्ये गेली होती. "घेणार आहेस?" विचारलं, तर म्हणाली, "नाही गं मावशी, नुसती बघतेय."

तरुणांचे कपडे विकणाऱ्या ब्रँडांना हे 'नुसतं बघणं'च हवं असतं. मुंबई आयआयटीत शिकलेल्या दोघांनी २०१२ मध्ये सुरू केलेला 'बेवकूफ' किंवा २०१३ चा, मुंबईचाच 'द सोल्ड स्टोअर' हे ब्रँड याच पडद्यावर वाढले. तिथे कापड हाताला लागत नाही. मग हात गुंतवायचा कसा?

वसईतल्या जुन्या कापडवाल्याला याचं उत्तर पाठ आहे. तो साडी घडीत दाखवत नाही. पदर उलगडतो आणि म्हणतो, "घेऊ नका वहिनी, पण खांद्यावर टाकून तर बघा!" खांद्यावर आलेली साडी परत गादीवर ठेवणं जड जातं.

या जड जाण्याचं मोजमाप झालेलं आहे. कानमन, नेच आणि थेलर या संशोधकांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही जणांना कॉफीचे मग देऊन टाकले. ते विकायला त्यांनी मागितलेली किंमत, मग न मिळालेले लोक देऊ करत होते त्याच्या दुपटीहून जास्त होती. वस्तू आपली झाली, की तिचं मोल चढतं. पेक आणि शू यांनी २००९ मध्ये दाखवलं, की त्यासाठी विकतही घ्यावी लागत नाही. नुसता हात लावला तरी 'माझं' वाटू लागतं. हात लावता येत नसेल, तर ती आपल्या घरी आहे अशी कल्पनाही पुरते.

मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो ब्रॅसल आणि गिप्स यांचा २०१४ चा अभ्यास. त्यात एक वस्तू होती स्वेटशर्ट. माउसने तो निवडणाऱ्यांपेक्षा टचस्क्रीनवर बोटाने निवडणाऱ्यांना तो जास्त आपला वाटला. बोटाखाली खरं तर काच होती, पण मेंदूने तो स्पर्श कापडाच्या खात्यात जमा केला.

पडद्यावर कपडे हाताळू देण्याची ही कल्पना नवी नाही. १९९९ च्या नोव्हेंबरात 'बू डॉट कॉम' या कंपनीने कपडे फिरवून दाखवणारी वेबसाइट काढली होती. फोनच्या तारेवरून रांगणाऱ्या इंटरनेटवर ती उघडतानाच माणसं कंटाळत. मे २००० मध्ये ती बंद पडली. आज तीच करामत धावत्या लोकलमध्ये विनाअडथळा चालते. शिवाय कोणत्या रंगावर बोट किती वेळ रेंगाळलं, याची नोंद होऊ शकते. दुकानदाराची नजर कितीही तयार असली, तरी ती एवढं टिपत नव्हती.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन विक्रीतल्या तेरा फसव्या युक्त्यांना मनाई केली. खोटी घाई लावणं, न विचारता कार्टमध्ये वस्तू घुसवणं त्यात येतं. रंग बदलून बघू देणं येत नाही, आणि ते बरोबरच आहे. त्यात खोटं काही नाही. म्हणूनच बोट लागलं की वस्तू आपली वाटू लागते, ही गोष्ट मुलांना कुणीतरी समजावून सांगायला हवी.

भाचीने त्या दिवशी हुडी घेतली नाही. दुसऱ्या दिवशी गाडी नायगाव सोडून खाडीच्या पुलावर आली, तेव्हा तिच्या मोबाइलवर निरोप आला: 'तुमची हुडी तुमची वाट बघतेय.' पैसे अजून दिले नव्हते. तिने लगेच निरोप उघडला.