सीटी स्कॅन नॉर्मल, तरी माणूस बरा नाही

पारोळा-एरंडोलच्या रस्त्यावर मोटारसायकल घसरते, डोकं आपटतं. धुळ्याच्या किंवा जळगावच्या सरकारी दवाखान्यात सीटी स्कॅन होतो, नॉर्मल येतो, माणूस घरी जातो. महिना उलटला तरी डोकं दुखतं, गरगरतं, झोप लागत नाही, नावं आठवत नाहीत, लेकरांवर उगाच चिडचिड होते. घरचे म्हणतात, कामाचा कंटाळा. कोणी भगताकडे नेतं.

हे सोंग नाही आणि ‘बाहेरचं’ही नाही. धक्क्याने मेंदू कवटीत हादरतो, त्याला कन्कशन म्हणतात. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव किंवा हाड मोडलेलं दिसतं, मेंदूच्या कामातला बिघाड दिसत नाही. बहुतेक जण काही आठवड्यांत सावरतात. काहींचा त्रास तीन महिन्यांपुढेही राहतो.

महिनाभर अंधाऱ्या खोलीत निजवणं हा उपाय नाही. एक-दोन दिवस विश्रांती, मग थोडं चालणं, झेपेल तसं काम. त्रास वाढला तर थोडं कमी करायचं. २०२० मध्ये कॅनबेरात रवींद्र जडेजाच्या हेल्मेटवर चेंडू आदळला, तेव्हा त्याच्या जागी चहल उतरला. केळीचे घड वाहणाऱ्या मजुराला असा बदली कोण देणार? तिथे गटातल्या पोरांनीच मुकादमाशी बोलून हलकं काम मागावं. आवाज आणि झगमगाट अशा माणसाला सोसत नाही. जयंतीच्या मिरवणुकीत तो डीजेपासून लांब राहिला, तर टोमणे मारू नका.

कार्यकर्त्यांसाठी महत्त्वाचं म्हणजे कागद. मारहाणीत डोक्यात काठी बसली, पण हाड मोडलं नाही, की ‘साधी दुखापत’ असा शेरा पडू शकतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ प्रमाणे १५ दिवस तीव्र वेदना झाल्या किंवा नेहमीची कामं करता आली नाहीत, तर ती गंभीर दुखापत ठरते. जुन्या कायद्यात ही मुदत २० दिवसांची होती. म्हणून पुन्हा ओपीडीत न्या, प्रत्येक तक्रार तारखेसह केसपेपरवर लिहून घ्या, बुडालेले रोज वहीत मांडा. अॅट्रॉसिटीच्या केसमध्येही हेच कागद लागतील. रस्ता अपघात असेल तर भरपाईचा दावा सहा महिन्यांच्या आत दाखल करा.

मार लागल्यावर वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, झटका, एका बाजूला अशक्तपणा किंवा उठवूनही न उठणं, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका, १०८ ला फोन लावा.