धाकट्या गावाचं थोरलं गाव

आम्ही बिबवेवाडीत राहतो. परवा पुतणीनं स्वतः लिहिलेली अद्भुतकथा वाचून दाखवली. राज्याचं नाव ‘झेल्डारियन’, राजपुत्र ‘क्झाविओर’. तिसऱ्याच ओळीला तिची जीभ अडखळली नि तिनं वही मिटली. मला वाईट वाटलं. गोष्ट खरंच छान होती.

म्हटलं, आपल्या पत्त्यातली ‘वाडी’ म्हणजे छोटी वस्ती. पलीकडे कोंढवा बुद्रुक आणि कोंढवा खुर्द. हे शब्द फारसीतले. बुद्रुक म्हणजे थोरलं, खुर्द म्हणजे धाकटं. काल्पनिक गावाला नुसतं ‘खुर्द’ जोड, वाचणारा थोरलं गाव शोधू लागेल. शिवाय इथं कधीकाळी कुणाचा दरबार होता, हेही त्या एका शब्दात आलं!

माणसांचंही तसंच. रत्नाकर मतकरींची चिंची चेटकीण घ्या. दोन ‘च’ असे चावतात, की शेवटच्या रांगेतलं पोरही दचकतं. आणि ‘अलबत्या’चा अर्थ कुणी विचारत नाही, शेवटचा ‘त्या’ घरातल्या बंड्या-गोट्यासारखाच वाटतो.

आता तिच्या नकाशात ‘धुकेवाडी खुर्द’ आहे.

“आणि बुद्रुक?” मी विचारलं.

“काका, ते बुडालं. कसं, ते नंतर.”